बाक तेल धरत नाही

"अहो, उठा! उठा म्हणतोय ना!"

ती दचकून उठली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. ज्या बाकावर ती ऐटीत बसून बघत होती, त्याला दहाच मिनिटांपूर्वी तेल लावलेलं. पांढऱ्याशुभ्र ड्रेसवर मागे पाच फळ्यांचे पाच तपकिरी पट्टे!

"पाटी लावता येत नाही का?" ती उसळली.

"लावलीये की." त्याने हातातल्या ब्रशने दाखवलं. पाटी होती, चांगली हातभर लांब होती... आणि ती बाजूला सरकवून बसायला जागा तिनेच केली होती!

झाली ना फजिती! हा मिस्त्री बाहेर ठेवायचं लाकडी सामान बनवायचा, आणि हा कारखाना त्याचाच. दाढीत भुसा, डोळ्यांत हसू. ती फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांच्या गुडघ्यांशी हुज्जत घालणारी. आली होती बाबांसाठी बाक बघायला.

"त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. गच्चीत बसायला हवाय. बैठक फार खोल नको, उठताना जोर द्यायला हात हवेत," ती लाल झालेलं तोंड लपवत म्हणाली आणि सरळ एक बाक उलटा करून त्याचे सांधे तपासू लागली.

"तो आंब्याचा आहे, नका घेऊ. घरात राजा, पण उन्हापावसात दोन वर्षांत वाट लागेल. सागवान घ्या." मग तो थबकून बघतच राहिला. "गिऱ्हाइकं बाकाचं तोंड बघतात. तुम्ही पाय बघताय!"

"माझा धंदाच पायांचा आहे."

तो खळखळून हसला... आणि खरं सांगायचं तर आपल्या डॉक्टरीणबाई तिथेच गारद झाल्या.

बाक पोचवायला तो स्वतः आला. गच्चीत बाक मांडून त्याने चमच्याने फळीवर पाणी टाकलं. थेंब टपोरे उभे राहिले.

"हे असे थेंब उभे राहतात ना, तोवर तेल शाबूत आहे. पाणी आत मुरलं, फळी काळपट दिसली की मला फोन करा. साबण लावू नका. सोडा तर मुळीच नाही! प्लास्टिकने झाकूही नका, लाकूड घुसमटतं."

"आणि... फोन साधारण कधी करावा लागेल?"

"वर्षभर तरी गरज पडणार नाही," तो अभिमानाने म्हणाला.

वर्षभर! तिचा चेहरा खर्रकन उतरला.

पुढच्या रविवारी तिने चमचाभर पाणी टाकलं. थेंब उभे. त्याच्या पुढच्या रविवारीही मेले उभेच! तिसऱ्या रविवारी ती बाबांना म्हणाली, "फेरीला जाताय तर येताना धुण्याचा सोडा आणा हो." बाबांनी मुकाट्याने आणला. त्या दुपारी तिने बाक असा घासला, असा घासला, की पाणी टाकताच ते फळीत गुडूप झालं.

"अहो... पाणी मुरतंय," तिने फोनवर साळसूदपणे सांगितलं.

"काय म्हणता? येतो!"

तो आला आणि तिच्या हातात फडकं देऊन म्हणाला, "रेषांच्या बाजूने पुसा. आडवं नाही... असं." फडक्यावर दोघांची बोटं एकमेकांना लागली. दोघांनीही ती पटकन काढली नाहीत.

असं चार महिन्यांत तीनदा झालं. दर वेळी तीन-तीन तास गप्पा, हसणं, चिडवणं! बिचाऱ्या बाबांची मात्र पंचाईत. "बाक माझ्यासाठी, आणि तो सदा ओला. मी आपला प्लास्टिकच्या खुर्चीत!"

चौथ्या खेपेला मात्र त्याच्या डोळ्यांतलं हसू गायब होतं. तेल लावून झालं, तरी तो फळीवरून पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत होता.

"काय झालं?"

"एका मोठ्या हॉस्पिटलच्या बागेत चाळीस बाक हवेत. पेशंटना बसायला. आज होकार द्यायचाय." त्याने ब्रश खाली ठेवला. "नाही म्हणणार आहे मी."

"का?"

"तेल बदललं, तेलवाला बदलला, तरी हा एक बाक तेल धरत नाही. तिथे चाळीसांची हमी कुठल्या तोंडाने देऊ? वडिलांनी शिकवलेलं काम आहे हो... हातातून गेलं बहुतेक."

आपल्या लबाडीपायी या माणसाचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडालाय! बोलावं तर इज्जत जाते, गप्प बसावं तर त्याचे चाळीस बाक जातात. ती तडक आत गेली आणि सोड्याचं अर्धं पाकीट नि घासायचा ब्रश घेऊन आली.

"तुमच्या तेलाचा दोष नाही. हे... हे मी केलं. दर वेळी."

"सोडा? सागवानाला? पण का?"

"तुम्ही म्हणालात ना, वर्षभर गरज पडणार नाही..." ती हातातल्या पाकिटाकडे बघत म्हणाली. "मला पडत होती. तुमची. आवडता तुम्ही मला."

तो धपकन खाली बसला, ताज्या तेलावरच.

"अहो, ओलं आहे ते!"

"माहितीये." तो तिच्याकडे बघत होता. "चार महिने झोप नाही मला! रागावू की..." मग त्याने खिशातून फोन काढला. "हॅलो, बागेच्या बाकांचं... हो, करतो. चाळीसही. हमी? लेखी देतो! इतकी कडक परीक्षा झालेलं तेल तुम्हाला दुसरीकडे मिळायचं नाही."

तिचा जीव भांड्यात पडला. डोळे मात्र भरलेलेच.

"एक सांगू?" तो हळूच म्हणाला. "एवढ्या बाकाला तेल लावायला अर्धा तास लागतो."

"पण तुम्ही तर तीन-तीन तास..."

"तेच तर सांगतोय!"

ती हसली आणि नव्याकोऱ्या पांढऱ्या ड्रेसनिशी त्याच्या शेजारी जाऊन बसली. तेल गार लागलं, त्याचा हात ऊबदार.

दारातून बाबांचा आवाज आला. "ठरलं ना एकदाचं? मग उद्यापासून सोडा आणायला मी जाणार नाही! आणि हा बाक वाळला ना, की आधी मी बसणार."