चौथीच्या निकालाचा ताप

“ब-एक हा काही आजार नाही हो, ताई,” मुग्धा सकाळपासून कितव्यांदा तरी सांगत होती. “अ-दोनच्या खालची श्रेणी आहे, बस. एका सत्रात एक विषय घसरला म्हणून लेकरू वाया जात नाही. पुढच्या सत्रातही तोच घसरला, तर मग शिकवणीचं बघू.”

समोरची आई मान डोलवायची, डोळे पुसायची, प्रगतिपत्रक पर्समध्ये घालायची आणि निघायची. दिवाळीची सुट्टी संपून पहिल्या सत्राचा निकाल लागला होता. नांदेडच्या त्या शाळेत निकालाच्या दिवशी चौथीच्या वर्गशिक्षिकेला डॉक्टर, वकील आणि थोडं मांत्रिकही व्हावं लागतं. मुग्धा सगळं निभावून नेत होती. पण खिडकीतून तिला शाळेचं फाटक दिसत होतं, आणि फाटकाशी निळ्या शर्टातला एक तरुण उभा होता. तिनं शांत केलेली प्रत्येक आई त्याच्यापाशी थांबायची, एक कागद घ्यायची आणि पुन्हा रडवेली होऊन ऑटोत बसायची.

मुग्धाचं डोकं फिरलं. ती तडक खाली गेली आणि त्याच्या हातातला कागद ओढून घेतला. ‘ब-एक आला? आजच सावध व्हा.’ खाली शिकवणीच्या क्लासचा पत्ता.

“हे काय लावलंय तुम्ही?”

“जाहिरात आहे, मॅडम.” तो हसला. हसू चांगलं होतं, त्यामुळे तिला जास्तच चीड आली. “मी आलोक. उदगीरचा. क्लास नवा आहे, कुणी येऊनच नाही राहिलं... म्हटलं, आपणच जावं.”

“म्हणून चांगल्या मुलांच्या आयांना घाबरवायचं?”

“चांगलं कोण, कच्चं कोण, मला कुठं ठाऊक? तुम्ही सांगा की. तुम्ही नको म्हणाल ते लेकरू मी घेणार नाही.”

“बोलायला काय जातं?”

“करूनच दाखवतो. पण ज्याला खरंच गरज आहे, ते तुम्ही पाठवायचं... कबूल?”

“माझ्या वर्गात तसं कुणी नाही,” मुग्धा तोऱ्यात म्हणाली आणि वळली.

“मॅडम, एक सांगू का? हनुवटीला शाई लागली आहे... शिक्क्याची.”

तिनं घाईघाईनं पुसली.

“आता गालालाही लागली,” तो अगदी काळजीनं म्हणाला.

त्यानं शब्द पाळला, आणि ते तर आणखीच वाईट झालं. शाळा सुटली की मुग्धापुढं आयांची रांग लागू लागली. “ते सर घेईनात. म्हणतात, आधी मुग्धा मॅडमला विचारून या.” आठवडाभर तिनं सोसलं, मग भांडायला थेट त्याच्या क्लासवरच गेली.

“मी काय तुमची पहारेकरीण आहे? गरज नाही, हे तुम्हीच सांगा ना त्यांना.”

“माझं कोण ऐकतंय? क्लासवाला माणूस शिकवणी नको म्हणतो म्हटल्यावर लोकांना वाटतं, यात काहीतरी काळंबेरं आहे.”

न हसायचं ठरवूनही मुग्धा हसली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा भांडायला गेली, तेव्हा त्यानं चहा मागवला. त्याच्या पुढच्या आठवड्यात भांडणाला कारणच सापडेना, तरी ती गेली. परतताना गोदावरीवरचा गार वारा तोंडावर घेत ती स्कूटीवर एकटीच हसायची, आणि मग स्वतःवरच वैतागायची.

डिसेंबरात एके दिवशी शाळा सुटल्यावर आलोक तिच्या वर्गाच्या दारात उभा राहिला. तो हसत नव्हता. सोबत तिच्या वर्गातला हरिओम होता आणि हरिओमचे वडील, शेषेराव. गावाकडची शेती भावावर सोपवून, पोराच्या शाळेसाठी नांदेडात खोली करून राहिलेला माणूस.

“मॅडम, याला मराठीत ब-एक आहे,” आलोक म्हणाला, “पण याला वाचता येत नाही.”

“काहीतरीच. वर्गात धडा घडाघडा वाचतो तो.”

“वाचत नाही. ऐकून पाठ केलेलं म्हणतो.”

“मला सोताला वाचाया येत न्हाई, मॅडम,” शेषेराव म्हणाले. “म्हणून दुकानाच्या पाटीवर काय लिव्हलंय ते याला इचारलं, तर माझ्याच तोंडाकडं बघून राहिला. कार्डावर तर ‘ब’ हाय. आता खरं कुणाचं धरावं? म्हणून या सरांकडं नेलं. पाचवीत आता नापास करतेत म्हणं. तसं झालं तर मी नेतो त्याला गावाकडं, शेरडं राखंल.”

मुग्धाचा चेहरा तापला. “म्हणजे तुम्हाला गिऱ्हाईक मिळालं म्हणायचं,” ती आलोकला म्हणाली. शब्द सुटून गेला होता.

आलोकचा चेहरा पडला. “तुम्हीच बघा एकदा. तुम्ही नको म्हणालात तर मी घेणार नाही,” एवढंच बोलून तो निघून गेला.

मुग्धानं तिसरीच्या पुस्तकातलं भलतंच पान उघडून हरिओमपुढं ठेवलं. त्यानं ओळीवर बोट ठेवलं आणि तिच्याकडं बघितलं. पहिला शब्द ती सांगेल म्हणून तो वाट बघत होता. वर्गात रोज तेच तर व्हायचं. ती पहिला शब्द सांगायची आणि पुढचं सगळं त्याला पाठ असायचं. अशा पोराच्या प्रगतिपत्रकावर तिनं शेरा लिहिला होता, ‘वाचनात प्रगती होत आहे.’ हाच शेरा तिनं निम्म्या वर्गाला दिला होता, कारण लिहायला सोपा होता. तिला स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिनं मुख्याध्यापकांना सांगितलं, तर ते म्हणाले, “राहू द्या हो, येईल आपोआप.” आपोआप फक्त केस पिकतात, हे त्यांना सांगणार कोण?

त्याच संध्याकाळी ती क्लासवर गेली.

“माझं चुकलं. हरिओमच्या बाबतीत चुकलं, आणि तुम्हाला गिऱ्हाईक मिळालं म्हणाले ते तर फारच चुकलं.”

“बसा... चहा सांगू का?”

“चहा नको. त्याला शिकवू या.”

मग मधल्या सुट्टीत ती आणि संध्याकाळी दोघं, असा हिवाळा गेला. पुस्तक दिसलं की हरिओम अंग चोरायचा, म्हणून ते त्याला बसस्थानकावर नेऊन गाड्यांवरच्या पाट्या वाचायला लावू लागले. माहूर लवकर जमलं. देगलूरला घाम फुटला. एकदा त्यानं उ, द, गी, र असं जुळवलं आणि विचारलं, “सर, तिथं काय हाय?”

“किल्ला आहे. माझी आई आहे.” आलोकनं मुग्धाकडं बघितलं. “एकीला दाखवायला न्यायचंय... किल्ला, म्हणजे.”

मुग्धा समोर उभ्या असलेल्या माहूरच्या गाडीची चाकं फार बारकाईनं पाहू लागली. त्यापुढं तो काही बोललाच नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. जगातल्या सगळ्या विषयांवर बोलणाऱ्या माणसानं नेमकं तेवढंच गिळून बसावं, याचा तिला असा संताप यायचा की विचारू नका.

एक मेला वार्षिक निकाल लागला. नांदेडचं ऊन मी म्हणत होतं. हरिओमसाठी आलोकही वर्गात आला होता. शेषेरावांनी प्रगतिपत्रकातली मराठीपुढची श्रेणी शेजारच्या पालकाकडून वाचून घेतली आणि ते भडकलेच.

“आधी ब व्हता, आता क-एक? दोघं मास्तर लागून लेकरू खाली गेलं? चल रं, गावाकडं.”

मुख्याध्यापकांनी तिला बजावलंच होतं, ब द्या, कटकट टळेल. मुग्धानं ऐकलं नव्हतं. आता ती शेषेरावांपुढं जाऊन उभी राहिली.

“शेषेराव, आधीचा ब मी दिला होता, न तपासता. तो खोटा होता. हा क हरिओमनं स्वतः मिळवलाय. ऐका तरी. हरिओम, बाबांना शेरा वाचून दाखव.”

हरिओमनं ओळीवर बोट ठेवलं.

“हरिओम... आता... स्वतः वाचतो. अजून... सावकाश... वाचतो.” मग मान वर करून तो म्हणाला, “बाबा, हे मीच वाचलं. मला कुणी सांगितलं न्हाई.”

शेषेरावांनी टोपी काढून कपाळ पुसलं. “मग शिकवणी चालू ठिवायची का, सर?”

“आता गरज नाही. सुट्टीत रोज तुम्हाला पेपर वाचून दाखवू द्या. तुम्ही फक्त ऐकायचं.”

“हाव, तेवढं जमतंय मला,” शेषेराव म्हणाले आणि पोराचा हात धरून निघाले.

वर्ग रिकामा झाला. आता उद्यापासून संध्याकाळी बसस्थानक नाही, हरिओम नाही, भेटायला निमित्तही नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं.

“चला... येऊ का मग मी?” आलोक दाराशी जाऊन थांबला.

“शिकवणी नको असली तर लोकांच्या तोंडावर नको म्हणता,” मुग्धा म्हणाली. “मग माझ्याशीच का असं गोलगोल?”

“तुम्ही रागवाल म्हणून.”

“रागावलेलीच आहे मी.”

तिला वाटलं, आता पुरे. कुणाला दुखवायचं नाही म्हणून गोड आणि मोघम लिहिण्यानं एका लेकराचं वर्ष वाया जाणार होतं. आपलं तरी कशाला घालवायचं?

“मला तुम्ही आवडता,” ती म्हणाली. “फार आवडता. तुमचं काय आहे, ते हो किंवा नाही, एवढंच सांगा.”

“हो,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक आला की त्यालाच पुन्हा सांगावं लागलं. “हो. केव्हाचंच हो आहे, मॅडम.”

“मुग्धा म्हणा.”

“मुग्धा,” तो म्हणाला.

शिपाई खालून ओरडत होता, वर्ग बंद करा म्हणून. मुग्धा दाराला कुलूप लावू लागली. आलोकनं तिचा हात धरला.