मणभर शेंगा आणि पन्नास मणांचा दोर

दिवाळीसाठी नवागामातले सगळे माग बंद होते. एरवी त्या खडखडाटात शेजारच्याची हाकही ऐकू यायची नाही. आज गल्ली इतकी गप्प, की सोनालीला धाकट्या भावाचं, लखनचं, चिवडा चावणंसुद्धा ऐकू येत होतं.

टण्ण!

फळीवरून डब्याचं झाकण पडलं आणि गरगरत दारापर्यंत गेलं. शेजारी लोटूकाकांनी ओट्यावर पोतं आपटलं होतं, त्याचा हादरा!

"चोर आहे तो शेंगावाला!" लोटूकाका गरजले. "मणभर मागितल्या, अन् काट्यावर घातल्या तर वीसच किलो! अर्धा मण गिळला मेल्यानं!"

लोटूकाका कारखान्याचे मुकादम. चिडायला त्यांना कारण लागायचं नाही. आज तर पोतंभर मिळालं होतं! लखननं पोत्याच्या भोकात बोट घातलं.

"ए माकडा! हात तोडीन!" मग ते आत डोकावले. "सरलाबाई, चला. मशीन माडीवर चढवायचंय."

आई पदर खोचून उठली. वर जाणारं मशीन भिंतीवर आपटू नये म्हणून खालून दोरी ताणून धरायची, हे तिचं काम. जाता जाता तिनं लखनचं नाक पुसलं. "दंगा करू नका रे, सोन्या."

पोरं घरी थांबली असती तर ती पोरं कसली! पलीकडच्या खोलीतला नववीतला धम्मरत्नही मागोमाग निघाला.

कारखान्याच्या आवारात चेनकप्पी लटकत होती. साखळी ओढायला गणपतमामा उभे होते. कप्पीचा आकडा मशीनच्या कडीपर्यंत पोचेना, म्हणून मधे एकेरी नवा नायलॉनचा दोर बांधला होता. धम्मरत्ननं दोराला लोंबणारी चिठ्ठी वाचली आणि तो थबकला.

"सोनाली, दहा किलोन्यूटनला हा तुटतो म्हणे."

"म्हणजे किती?"

"एका किलोचं ओझं म्हणजे जवळजवळ दहा न्यूटन. हे दहा हजार न्यूटन. म्हणजे हजार किलो!"

सोनालीनं मशीनवरची पत्र्याची पाटी पाहिली. सोळाशे किलो! आणि आई नेमकी त्याच्या पायथ्याशी!

"लोटूकाका, थांबा! दोर तुटेल!"

"आली शहाणी! इथल्या गुजराती दुकानदारानं सांगितलंय, 'पचास मण खेंचशे.' म्हणजे पन्नास मण ओढेल! पन्नास चाळीसे?"

"दोन हजार."

"मग? मशीन किती? सोळाशे! चारशे किलो तर वरून शिल्लक. तुझा न्यूटन आणलाय का दोर विकायला? चला, निघा! नाहीतर एकेकाच्या पेकाटात लाथ घालीन!"

"पोरी, मोठ्यांसमोर बोलू नाही," आई हळूच म्हणाली. तिनं दोरी हाताला गुंडाळली होती.

सोनालीला रडू येत होतं. पन्नास मण. मण... आणि एकदम तिला ते पोतं आठवलं!

"काका! शेंगावाल्यानं तुम्हाला फसवलंच नाही! आपल्या गावाकडचा मण चाळीसचा, इथला वीसचा! दोरवाला पण इथलाच ना? पन्नास विसे हजार!"

"चिठ्ठीपण हजारच सांगते!" धम्मरत्न ओरडला.

लोटूकाकांचा चेहरा क्षणभर उतरला. पण पोरांपुढे हार मानायची? छट्! "गणपत, ओढ साखळी!"

"कशी ओढू? आकड्याचा बोल्ट कुठंय?"

बोल्ट नव्हता! लखन भिंतीवर चढून बसला होता, आणि त्याची चड्डी खिशाच्या बाजूनं चांगलीच खाली ओघळली होती.

"आण इकडे, कारट्या!"

"आधी आईला लांब उभं करा! सगळेच लांब! मग मशीन फक्त वीतभर उचला!"

"बरोबर आहे पोराचं," गणपतमामा म्हणाले. "दोर पक्का असेल तर तुझं काय जातंय, लोटू?"

लोटूकाकांनी दात खाल्ले, पण सरलाबाईंना लांब जायची खूण केली. बोल्ट बसला. गणपतमामा साखळी टोकापर्यंत घेऊन मागे सरले. खर्र... खर्र... दोर ताणला. मशीनची एक कड बोटभर उचलली...

फट्ट!

दोराचं टोक चाबकासारखं भिंतीवर बसलं. मशीनची कड धाडकन खाली आली आणि आई मघाशी उभी होती तिथली फरशी फुटली.

आधी गणपतमामांनी धम्मरत्नच्या पाठीत थाप मारली. "वाघ आहात रे पोरांनो! अन् पोरी, तू तर मुकादमाची मुकादम!"

लोटूकाका दोराचं तुटकं टोक हातात फिरवत राहिले. संध्याकाळी मात्र ते अख्खं पोतं घेऊन दारात आले. "खा," ते गुरगुरले. "इथल्या मणाचं आहे. पूर्ण."

सगळे शेंगा फोडत बसले. आईनं दोघांना इतकं जवळ ओढलं होतं, की सोनालीला शेंग सोलता येईना. लखन बराच वेळ आईच्या हातावरचा दोरीचा वळ बोटानं चोळत होता.

"आई," त्यानं विचारलं, "दोर किती ओझ्यानं तुटतो ते त्याच्यावर लिहितात. मग तुझं कुठे लिहिलंय?"