उलटी खुर्ची

दाराला कुलूप होतं, सकाळी लावून गेली होती तसंच. तिनं किल्ली फिरवली, दार ढकललं आणि उंबऱ्यातच थबकली.

खुर्ची टेबलावर होती. उलटी. चारही पाय छताकडे.

ती ओरडली नाही. तेवढं त्राण अंगात नव्हतं. सकाळपासून उभ्यानं भौतिकशास्त्राचे तास घेतलेले, खांद्याला वह्यांची पिशवी, डोळ्यांत झोप. ती आत गेली, दार लोटलं आणि सवयीनं टाचा उंचावून वरची कडी घालायला हात नेला. हात नुसत्या लाकडावरून फिरला.

कडी जागेवर नव्हती. स्क्रूंची भोकं तेवढी उरली होती.

मग ती पलंगावर बसली. खोलीत कोणीतरी शिरण्याची ही तिसरी खेप. पहिल्या वेळी पडदा काढून जमिनीवर टाकलेला होता. दुसऱ्या वेळी वरच्या फळीवरची पेटी पलंगावर उलटी केलेली. चोरीला एकदाही काही गेलं नव्हतं, आणि खुर्ची दर वेळी अशीच टेबलावर चढून बसलेली. पडदा, पेटी समजण्यासारखं होतं. ही खुर्ची मात्र समजत नव्हती. कुणाला तरी आपल्याला काहीतरी सांगायचंय, आणि ते काय ते कळत नाहीये, असं वाटायचं.

पंखाही बंद होता. ओले कपडे दोरीवर टाकून तिनं तो मुद्दाम चालू ठेवला होता. कपडे ओलेच होते.

या गावात शिक्षिकेची नोकरी लागली तेव्हा पहिले काही दिवस ती खोल्याच बघत हिंडली होती. कुठे भाडं पगाराएवढं, कुठे न्हाणीघराला दारच नाही, तर कुठे मालक बोलता बोलता जवळ सरकणारा. ही एकच खोली तिला जमणारी होती. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर, स्वयंपाकघर तिघींत मिळून, पुरुष भाडेकरू नाही. ही सुटली तर नोकरीही सुटणार होती. आणि नोकरी सुटली तर आई मामाच्या घरीच, मामीचे टोमणे गिळत. “तुझं बस्तान बसलं की मला ने गं,” एवढंच आई फोनवर म्हणायची. घाई करायची नाही. त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

तिनं तोंडावर पाणी मारलं आणि घरमालकिणीचं दार वाजवलं.

“काकू, माझ्या खोलीच्या किल्ल्या किती आहेत?”

“दोन. एक तुझ्याकडे, एक ही माझ्या कमरेला.” घरमालकीण गुडघ्यांना तेल चोळत होती. “परत काही झालं का?”

“कडी काढून नेलीय कुणीतरी.”

“अगं बाई.” तिचा हात थांबला. “हे बघ पोरी, खोटं कशाला सांगू. त्या खोलीत बायका टिकत नाहीत. तुझ्याआधी दोघी गेल्या. तुझ्याच शाळेतल्या. मला वाटायचं, आजकालच्या मुलींना घरची आठवण फार येते.”

“त्यांच्याही खुर्च्या उलट्या व्हायच्या?”

“एक तसं म्हणायची खरी. मी म्हटलं, हिला स्वप्नं पडतात.”

“दुपारी पंखा तुम्ही बंद केलात?”

“बिल मी भरते, तेव्हा करावासा वाटतो. पण तुझ्या खोलीत शिरून नाही गं. आणि खुर्ची उचलून टेबलावर ठेवायला हे गुडघे साथ देतात होय? मी स्टुलावर चढून जमाना झाला.”

तेवढ्यात घरमालकिणीचा भाचा आला. “हिची कडी कुणीतरी काढून नेलीय रे,” तिनं त्याला सांगितलं. तो विजेची उपकरणं दुरुस्त करायचा. खिशातून स्क्रू ड्रायव्हर डोकावत होता. शिक्षिकेची नजर तिथेच गेली, आणि ती गेल्याचं त्याला कळलं.

“काय मॅडम, माझ्यावर संशय?”

“दुपारी कुठे होतात?”

“दुकानात. विचारा जाऊन. आणि तुमची कडी काढायची तर मला खुर्ची कशाला लागेल?” त्यानं जागेवरूनच हात वर केला. बोटं चौकटीला टेकली.

उत्तर बरोबर होतं. पण खुर्ची वापरली गेली हे त्याला कसं कळलं?

“खुर्चीचं कुणी सांगितलं तुम्हाला?”

“मावशीनं. गेल्या वेळी अख्ख्या गल्लीला सांगितलं तिनं,” तो म्हणाला. घरमालकिणीनं तेलाची बाटली बंद करण्यात लक्ष घातलं.

राहिली नर्स. शेजारच्या खोलीत राहायची, रात्रपाळी करून दिवसा झोपायची. ती आत्ताच उठून स्वयंपाकघरात चहा करत होती. इतकी उंच, की वरच्या फळीवरचा साखरेचा डबा मान वर न करता काढायची.

“ताई, दुपारी काही आवाज आला?”

“मी कानात कापूस घालून झोपते बाई. माझ्या उशाशी बँड वाजला तरी कळायचं नाही.” तिनं दुसरा कप भरून पुढे सरकवला. “घे. चेहरा बघ तुझा. आमच्या वॉर्डातले पेशंट बरे.”

“तुम्हाला माझी खोली हवी होती ना? खिडकीची?”

“हवी होती. काकूंनी दिली नाही, ती खोली शाळेच्या बायकांसाठी ठेवलेली म्हणे.” ती हसली. “मला तू जायला हवी असतीस तर तुझं दूध उतू जाताना मी गॅस बंद केला नसता. दर दोन दिवसांनी.”

त्या रात्री शिक्षिकेनं दाराला टेबल लावलं आणि तरी नीट झोपली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिक्षकांच्या खोलीत तासबाई तिची वाट बघत होत्या. तासबाई कायम नोकरीत नव्हत्या. तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढंच मानधन. त्यावरून हे नाव पडलं होतं आणि आता त्यांना ते लागतही नव्हतं. विज्ञानाचे सगळे तास पूर्वी त्याच घ्यायच्या. नवी शिक्षिका आल्यापासून त्यांच्याकडे शेवटचे दोन उरले होते. “तुम्ही आलात, माझा भार हलका झाला,” असं त्या पहिल्याच दिवशी हसून म्हणाल्या होत्या. खोलीही त्यांनीच सुचवली होती. “फक्त माझं नाव घेऊ नका. ओळखीतून आलेले भाडेकरू मालकिणीला आवडत नाहीत, असं ऐकलंय.”

“पुन्हा?” शिक्षिकेनं कडीचं सांगताच तासबाईंनी तिचा हात हातात घेतला. “अहो, सोडा ती खोली. जीव महत्त्वाचा. बाईमाणसानं बिनकडीच्या खोलीत कसं झोपायचं?”

“दुसरी कुठे आहे?”

“नाहीये, तेच तर.” त्यांनी उसासा टाकला. “झोप लागते का निदान? उशी खिडकीकडे घेऊ नका हं. उजाडताच ऊन थेट डोळ्यांवर येतं, आणि ती खिडकी तर आतून ओढूनही नीट लागत नाही.”

शिक्षिकेनं मान हलवली. त्या क्षणी तिला फक्त कुणीतरी आपुलकीनं बोलल्याचं बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात तासबाई सर्दीनं आल्या नाहीत. मुख्याध्यापिकांनी त्यांचा शेवटचा तास नव्या शिक्षिकेवर टाकला. तिचे स्वतःचे तास दुपारीच संपायचे. शाळा सुटताना वर्गात असण्याची तिची ही पहिलीच वेळ. घंटा झाली. तिनं खडूची पेटी उचलली आणि दाराकडे निघाली.

“बाई, खुर्ची,” अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला.

“काय झालं खुर्चीला?”

“वर ठेवायची. शेवटच्या तासाच्या बाई ठेवतात. संध्याकाळी फरशी धुतात ना.”

“आणि पंखा,” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

तिनं पंखा बंद केला. खुर्ची उचलली, उलटी केली, टेबलावर ठेवली. चारही पाय छताकडे. मग तिथेच, हात खुर्चीवर ठेवून, ती उभी राहिली. वर्ग रिकामा झाला तरी.

सुट्टीच्या दिवशी तिनं तासबाईंना घरी बोलावलं.

“मालकीणबाई घरी आहेत का?” दारातच त्यांनी विचारलं.

“गुडघ्यांच्या व्यायामाला गेल्यात. नर्सताई झोपल्यात. पडदा तेवढा लावायचाय हो. खुर्चीवर चढलं की मला गरगरतं, झोपच नाहीये.”

“द्या इकडे.” तासबाईंनी पदर खोचला. बुटक्या होत्या, पण चपळ. खुर्ची खिडकीशी ओढली, वर चढल्या, पडदा दांडीत ओवला, चुण्या सारख्या केल्या आणि उतरल्या. “झालं. बघा बरं, लगेच घर वाटायला लागलं.” बोलता बोलता त्यांनी पंख्याचं बटण बंद केलं, खुर्ची उचलली आणि सहज, एका झोकात, टेबलावर उलटी ठेवली.

पंखा फिरत फिरत थांबला.

तासबाईंनी खुर्चीकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे.

“मला वाटायचं, ही खुर्ची मला घाबरवायला ठेवलीय,” शिक्षिका म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता. “पण तेवढीच एक गोष्ट मुद्दाम केलेली नव्हती. पडदा, फळी, कडी, तिन्ही उंचावर. म्हणजे खुर्चीवर चढावं लागणारं माणूस. नर्सताई आणि काकूंचा भाचा यांना खुर्ची लागत नाही. काकूंना चढता येत नाही. आणि खोली सोडताना पंखा बंद करून खुर्ची वर ठेवणारं माणूस या घरात कुणीच नाही. ते आपल्या शाळेत असतं. शेवटच्या तासाला.”

“शेवटचा तास काय मी एकटीच घेते?”

“नाही. पण बाकीच्या सगळ्या सकाळपासून शाळेत असतात. तुम्ही शेवटच्या दोन तासांपुरत्या येता. शिवाय या खोलीत उजाडताच ऊन डोळ्यांवर येतं, हे फक्त इथे झोपलेल्या माणसाला माहीत असतं. तुम्ही तर या घराबद्दल नुसतं ऐकलं होतंत.”

शेजारचं दार उघडलं. व्यायामाला न गेलेली घरमालकीण न झोपलेल्या नर्सच्या खांद्याचा आधार घेत पुढे आली आणि डोळे बारीक करून बघत राहिली.

“अगं, तू? तू तर लग्न होईपर्यंत याच खोलीत होतीस की. जाताना किल्ली दिली होतीस मला.”

“एक दिली होती,” तासबाई म्हणाल्या. “एक करून घेतली होती मी. हरवली तर असू दे म्हणून. तेव्हा मनात काही नव्हतं, शपथ.”

“कुलूप बदला म्हणून मी कधीची सांगतेय काकूंना,” नर्स पुटपुटली.

तासबाई पलंगाच्या कडेवर टेकल्या. “प्रत्येक वेळी वाटायचं, यंदा मला कायम करतील. आणि प्रत्येक वेळी कुणीतरी नवीन यायची, तुमच्यासारखी, पेटी घेऊन, मलाच विचारत, बाई, राहायला कुठे मिळेल? मी इथे पाठवायची. खोली गेली की ती जायची. ती गेली की तास माझे.” त्यांनी डोळे पुसले. “मी कुणाला हात लावला नाही. काही चोरलं नाही.”

“कडी नेलीत.”

तासबाईंनी पर्स जवळ ओढली.

“तुमच्यावर अन्याय झालाय, हे मला कळतं,” शिक्षिका म्हणाली. “पण तो मी केला नव्हता. माझ्याआधीच्या दोघींनीही नाही. त्या घाबरून गेल्या, आणि आपल्याला कशाचं भय वाटलं हे त्यांना आजही माहीत नाही. मुख्याध्यापिकांना तुम्ही स्वतः सांगा. त्या दोघींना बोलावून विचारायला लावा, परत यायचंय का. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन.”

“आहेत ते तासही जातील माझे.”

“जातील कदाचित.”

तासबाई उठल्या. मग त्यांनी पर्समधून किल्ली काढली, घरमालकिणीच्या हातात दिली. पर्सच्याच तळातून एक रुमाल निघाला, गाठ मारलेला. तो त्यांनी टेबलावर, खुर्चीच्या शेजारी ठेवला आणि कुणाकडे न बघता निघून गेल्या. जिना उतरताना त्यांनी भिंतीला हात लावला. तिथे कठडा नाही, हे त्यांना पाठ होतं.

रुमालात कडी होती. आणि सगळे स्क्रू.

“भाच्याला बोलावते,” घरमालकीण म्हणाली. “कुलूपही नवीन घालू दे.”

“कुलूप घालू दे. कडी मी लावते.”

नर्सनं स्क्रू ड्रायव्हर शोधून दिला. शिक्षिका खुर्चीवर चढली. भोकं थोडी सैल झाली होती. तिनं आगकाडीचे तुकडे त्यांत बसवले आणि स्क्रू घट्ट पिळले. गरगरलं नाही. कडी सरकवून पाहिली. बसली.

खाली उतरून तिनं आईला फोन लावला. घंटा वाजत असताना दुसऱ्या हातानं खुर्ची उचलली, उलटी केली, टेबलावर ठेवली.

मग तिच्या लक्षात आलं. तिनं खुर्ची पुन्हा खाली घेतली, सरळ ठेवली आणि तिच्यावर बसली.

“आई,” ती म्हणाली, “सामान बांधायला घे.”