निहार उठेल तेव्हा

कल्पना करा, तुमचा धाकटा भाऊ आज झोपला आणि तुमचे केस पिकू लागतील तेव्हा उठणार आहे. तेव्हाही तो सहा वर्षांचाच असेल.

शाल्मलीच्या भावाचं, निहारचं, असंच झालं होतं. त्याच्या आजारावर अजून औषध नव्हतं. म्हणून त्याला शीतनिद्रेत (शरीर अतिशय थंड करून जीवनक्रिया जवळजवळ थांबवणं) ठेवलं होतं. पुढच्या उपचारांसाठी घरची सारी बचत निर्देशांक निधीत (बाजारातल्या सगळ्या मोठ्या कंपन्यांचे थोडेथोडे शेअर एकत्र घेणारी योजना) गुंतवली होती. शीतनिद्रेतल्या माणसाच्या निधीला एक म्हातारा आणि एक लहान राखणदार लागे, कारण म्हातारा शेवटपर्यंत पुरत नसे. निहारच्या निधीचे राखणदार होते आजोबा आणि शाल्मली; पैसे काढायला दोघांच्या अंगठ्यांचे ठसे लागत.

त्या आठवड्यात बाजार कोसळला. निधीचा तिसरा हिस्सा गेला.

"आजोबा, अंगठा द्या. विकून टाकू!" निहारच्या काचेच्या कक्षाबाहेर बसून, पडद्यावरच्या किमती बघत शाल्मली म्हणाली.

"घेणार कोण?"

"कोणीही!"

"म्हणजे निहारचा वाटा कोणालाही स्वस्तात द्यायचा? फार उदार झालीस गं."

"चेष्टा नको ना! दर तासाला पैसे कमी होताहेत."

"दर तासाला बघतेस म्हणून तसं वाटतं. किंमत पडली, पण त्या कंपन्या आजही साबण बनवताहेत, औषधं बनवताहेत, नफा मिळवताहेत. तो नफा पुन्हा गुंतवला की त्यावरही नफा मिळतो. हीच चक्रवाढ. एका वर्षात काहीही होऊ शकतं. पण पुष्कळ वर्षांत बरी-वाईट वर्षं मिसळून जातात, आणि बहुतेकदा महागाईहून (वस्तूंच्या किमती वाढत जाणं) जास्त वाढ हाती उरते."

"आणि पैसे घरी पेटीत ठेवले तर?"

"तेवढेच राहतील. उपचार मात्र महागतील."

"मग बाजार नक्की वर येईल?"

"नक्की नाही, बाळ. धोका सोसतो म्हणून तर जास्त परतावा मिळतो. उपचारांची वेळ जवळ आली की पैसे हळूहळू काढून सुरक्षित ठेवायचे. ते तुला करावं लागेल."

"आणि तुम्ही?"

"मी तोवर नसेन."

शाल्मली काचेपलीकडच्या निहारकडे बघत राहिली. "उठल्यावर तो मला मावशी म्हणेल," ती म्हणाली. तिला हसायचं होतं, पण ते जमलं नाही.

"म्हणू दे. कोणीतरी जवळ असलं म्हणजे झालं."

शाल्मलीनं किमतींचा पडदा बंद केला, स्टूल आजोबांच्या अगदी जवळ ओढलं आणि म्हणाली, "ते हळूहळू काढायचं कसं, ते आजच शिकवा. पहिल्यापासून."