सव्वीस अंशांतला उष्माघात

"एसीच्या हॉलात माणूस उष्माघातानं मरतो का हो, मॅडम?"

जालन्यातल्या खासगी गुप्तहेर प्रियदर्शनीसमोर बसलेल्या बेबीनंदानं विचारलं. तिचा नवरा राजानंद एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात शेतकऱ्यांचे फोन घ्यायचा. मे महिन्यात, भर दुपारी, तो खुर्चीतच कोसळला.

"साहेब म्हणतेत, बाहीरूनच ऊन लागून आल्ता. पर हे रोज म्हणायचे, आत लई उकडून राह्यलंय. तवा साहेब ह्यांनाच कामचुकार म्हणायचे."

कोपऱ्यातल्या कडूबानं मान खिडकीकडं वळवली. प्रियदर्शनीकडं मदतनीस म्हणून राहिला, तरी रडू दाबणाऱ्या बायांकडं त्याला बघवत नसे.

ऑफिसात व्यवस्थापक कल्याण यांनी टेबलावरचा स्क्रीन दाखवला. "त्या दिवशी सव्वीस अंश, आजही सव्वीस. भिंतीवरची ती डबी हवा मोजते. तापली की एसीचं मशीन चालू, गार झाली की बंद. एवढी वीज वाचवली म्हणून माझा सत्कार झालाय."

मशीनवाला पप्पू शपथेवर म्हणाला, "मशीन तवाही बराबर व्हतं, आताही बराबर हाये."

राजानंदच्या शेजारी बसणाऱ्या अक्षताला मशीनच्या घरघरीवर आवाज चढवावा लागला. "तेव्हा घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. पण डोकंच चालत नव्हतं. गावांची नावं चुकायची. आता काम बराबर होतंय."

डबीलगतच्या फळीवर ओलीचा गोल डाग होता. पाणी भरणाऱ्या दुर्गाबाई म्हणाल्या, "तिथं माठ व्हता. राजानंदनंच राजूरहून आणल्ता, समद्यायला गार पाणी भेटावं म्हणून. मी त्याला ओलं फडकं गुंडाळायचे. राजानंदला दवाखान्यात नेलं, अन् साहेब म्हणले, माठ जल्दी हलव."

"माठाचा काय संबंध, ताई?" कडूबानं विचारलं.

प्रियदर्शनीनं सगळ्यांना हॉलात बोलावलं. बेबीनंदाही आली.

"बाहेर ऊन तेच, आकडाही तोच. मग मशीन तेव्हा गप्प आणि आज सारखं चालू, असं का? कारण डबी हॉलची हवा मोजतच नव्हती. तिला टेकलेल्या ओल्या माठाचा गारवा मोजत होती. माणसं भाजत होती आणि मशीन झोपलं होतं."

"म्हणजे चूक माठाची!" कल्याण म्हणाले.

"माठ ठेवणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं. माणूस मरणाच्या दारात असताना माठ हलवायची घाई कुणाला सुचेल? उकाडा कशानं आहे हे माहीत असलेल्यालाच."

कल्याण खाली बसले. "विजेचा आकडा उतरत होता... माणूस जाईल असं वाटलं नव्हतं."

"माठ कुणी ठेवल्ता?" बेबीनंदानं विचारलं.

सांगू नका, ताई, असं कडूबाच्या ओठांवर आलं.

"राजानंदनी. सगळ्यांना गार पाणी मिळावं म्हणून," प्रियदर्शनी हळूच म्हणाली.

बेबीनंदानं मान हलवली. "तसेच व्हते ते."

ती नवऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसली. वरून गार झोत आला. तिनं पदर अंगाभोवती ओढून घेतला.

"आज गार हाये," ती म्हणाली, आणि मग तिला हुंदका आवरला नाही.

हॉलात फोन वाजत होते. कुणीच उचलत नव्हतं.