चौथी कॉइल

आमची प्रयोगशाळा म्हणजे एक हॉल आणि त्याच्या कोपऱ्यात तांब्याच्या जाळीचा पिंजरा. हॉलमध्ये कपॅसिटर आणि प्लाझ्मा फोकसचं यंत्र. पिंजऱ्यात ऑसिलोस्कोप, दोन खुर्च्या, मी आणि माझी बायको. शॉट मारला, म्हणजे कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एकदम यंत्रात सोडली, की त्याच्या मधल्या दांड्याभोवती विजेचं तापलेलं आवरण तयार होतं आणि टोकाकडे धावत सुटतं. त्याच्या वाटेवर काचेच्या बारीक नळ्यांत तारेच्या चिमुकल्या कॉइल बसवल्या आहेत. आवरण जवळून गेलं, की ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर त्या कॉइलची रेघ उसळते. पहिली, दुसरी, तिसरी. त्यावरून आम्ही आवरणाचा वेग काढतो. बायको म्हणते, संसारातही तिचं हेच काम आहे: मी कुठवर पोहोचलो याचा अंदाज घेत बसायचं.

कपॅसिटरमध्ये व्होल्टेज असेपर्यंत पिंजऱ्याचं दार उघडत नाही. हे कुलूप मीच बसवून घेतलं, कारण बायको भारी घाईची.

त्या दुपारी लेकीला शाळेतून आणायला दोघांनीही जायचं होतं. दोघं येणार म्हणून ती सकाळपासून नाचत होती.

"हा शेवटचा शॉट," मी म्हणालो.

"तुझे शेवटचे शॉट मला चांगले माहीत आहेत. आटप."

तिन्ही रेघा ओळीने उसळल्या. मग तिसरी, दुसरी, पहिली. तिन्ही खाली वळलेल्या.

"कॉइल उलट्या बसवल्यास," बायको म्हणाली. आमच्याकडे हे नेहमीच होतं.

"मग जातानाच्या रेघाही खालीच वळल्या असत्या ना?"

ती पडद्यावर वाकली. आवरण टोकाला पोहोचतं आणि विरून जातं. ते परत येत नाही.

शॉटनंतर व्होल्टमीटरचा काटा शून्यावर यायला हवा होता. तो अर्ध्यावर थांबला. कपॅसिटर रिकामे करायचा स्विच मी अंगठा दुखेपर्यंत दाबला. काटा ढिम्म. दार बंद. आता पुन्हा शॉट मारण्याशिवाय इलाज नव्हता.

या वेळी चौथी रेघ हलली.

चौथी कॉइल यंत्रात नव्हतीच. दुरुस्तीसाठी काढून हॉलमधल्या टेबलावर ठेवली होती, केबल तेवढी जोडलेली. तिची रेघ उसळली नाही. सावकाश चढली आणि वरच राहिली, कुणीतरी टेबलाशी येऊन उभं राहावं तशी.

"मला इथून बाहेर काढ," बायको म्हणाली.

मी पुन्हा शॉट मारला. चौथी रेघ खाली आली.

"गेलं?"

टेबल आणि पिंजरा यांच्या मध्ये फक्त रिकामी फरशी होती. मला भीती वाटली. तोंडात तांब्याची चव आली. आमच्या दोन खुर्च्यांमधली हवा तापली.

काटा शून्यावर आला. कुलूप सुटलं.

बायको धडपडत बाहेर गेली. मी खुर्चीतून उठलो, तर काटा चढला आणि दार तिच्यामागे लागलं.

मी बसलो. कुलूप सुटलं.

उठलो. लागलं.

पुन्हा बसलो. या वेळी दार हळूच उघडलं, मिटलं आणि कुलूप लागलं. मी जागचा हललोही नव्हतो.

"आलास एकदाचा," बायको पाठमोरीच म्हणाली.

"मी इथे आहे!" मी ओरडलो. जाळीतून आवाज आरपार जातो. आम्ही तिच्यातून वर्षानुवर्षं भांडलोय. बायको वळली नाही.

"चल, पोर वाट बघत असेल."

मी जाळीवर मुठी आपटल्या. तिचं नाव घेऊन हाका मारल्या.

हॉलच्या दाराशी तिने खांद्यावरची पिशवी काढली, न बघताच बाजूला धरली आणि सोडून दिली.

पिशवी खाली पडली नाही. तिच्या बरोबरीने दाराबाहेर गेली.