तपासनीसांना वडाला कोणी बांधलं?

१९४४ सालच्या एका सोमवारी राहात्याच्या इंग्रजी शाळेतले योसेफ मास्तर बडतर्फ झाले. पण हे वाक्य वाचलंच नाही असं धरा. मास्तर नोकरीवर आहेत, मजेत आहेत.

मजेत नव्हते. शाळा तपासनीस आबासाहेब बायकोनं आणलेला डबा जेवून शाळेच्या अंगणातल्या वडाला टेकून घोरत होते. जागे झाले तेव्हा दोरानं वडालाच बांधलेले. छातीवर चिठ्ठी. तीवर देवनागरीत एकच शब्द: 'विदरशिन्स'.

फौजदार मच्छिंद्र आले.

"योसेफला पकडा!" आबासाहेब ओरडले. "गेल्या वर्षी भर वर्गात ह्या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला, तर येईना. पोरं हसली. त्याचा सूड घेतला त्यानं! बडतर्फीचा हुकूम कारकुनाकडून लिहून घेतलाय, सहीपुरता हात सोडा."

"पुरावा हलवता येत न्हाई, साहेब." फौजदार वळले. "मास्तर, अर्थ आता येतो?"

"झोपेतसुद्धा. सूर्याच्या उलट दिशेनं फिरत. विलायती गोष्टींत देवळाला असा फेरा घातला की माणूस भुतांच्या तावडीत सापडतो. कवी अपशकुनासाठी वापरतात."

"साहेबांना बांधावंसं वाटलं?"

"रोज वाटतं. पण घरी चार लेकरं आहेत. नोकरी गेली तर खायचं काय?"

फौजदारांनी दोर पाहिला. मोजून सात फेरे, झाड उजव्या हाताला ठेवून घातलेले. मग ते आबासाहेबांच्या पत्नीकडे गेले. रतनबाई जेवणाचा डबा आवरत होत्या.

"बाईसाहेब, तुमाला हा शब्द ठाऊक हाय?"

"न असून चालेल? हे चारचौघांत मला विचारतात आणि हसतात."

फौजदारांनी मिशीवरून हात फिरवला.

"मास्तर त्या शब्दापायी वर्षभर जळतोय. त्यानं फेरे उलटेच घातले असते, चिठ्ठी इंग्रजीत लिहिली असती. आन् ख्रिस्ती माणूस दोर पुरंल तितका गुंडाळतो, सात मोजत न्हाई. सात, आन् तेबी प्रदक्षिणेसारखे सुलटे? बाईसाहेब, ही वटपौर्णिमेची सवय हाय."

रतनबाई उभ्या राहिल्या.

"मीच बांधलं! बावीस वर्षं वडाला फिरून हाच नवरा सात जन्म मागितला. आज उलटी फिरून ते जन्म परत घेणार होते. त्याच्याच शब्दानं त्याला..." त्या थबकल्या. "सुलटे? मी सुलटे फिरले?"

"सातीच्या साती."

त्यांनी कपाळावर हात मारला. मग सहीसाठी ठेवलेला तो बडतर्फीचा हुकूम उचलून नवऱ्याच्या तोंडासमोर धरला.

"फाडा. नाहीतर दोर वटपौर्णिमेपर्यंत राहील."

हात बांधलेले असल्यामुळे आबासाहेबांनी हुकूम दातांनी फाडला.

संध्याकाळी योसेफ मास्तरांनी, मोबदला न घेता, सुवाच्य अक्षरात अर्ज लिहून दिला:

"मेहेरबान कलेक्टरसाहेब, जिल्हा अहमदनगर यांस. अर्जदार रतनबाई यांनी नजरचुकीने सुलट्या दिशेने घातलेले फेरे, मागील बावीस सालांच्या फेऱ्यांसह, रद्दबातल समजून पुढील जन्मांतून सदर नवरा कमी करण्याचा हुकूम व्हावा, ही विनंती."